खोलीत बोललं जाईल ते सगळं

धाकटीला सांगितलं होतं की तिला फक्त साक्षीदार म्हणून एक सही करायची आहे. सांगणारा थोरला दीर, म्हणजे शंका घ्यायचं कारणच नाही. निदान थोरल्याचं स्वतःचं तरी तसंच मत होतं. तो या देशात एकवीस वर्षं राहत होता. कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा इथपासून घटस्फोट कसा घ्यायचा इथपर्यंत काहीही विचारा, थोरल्याकडे उत्तर तयार. त्यातलं निम्मं चुकायचं, पण इतक्या ठामपणे चुकायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच कळलं नसेल.

धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, बसडेपोत मेकॅनिक होता. कसलंही इंजिन उघडील, तोंड काही उघडायचा नाही, आणि दादासमोर तर नाहीच नाही. दादाने त्याला इथे आणलं, दादाने पहिली नोकरी लावून दिली, पहिलं वर्षभर दादाने आपल्या घरात झोपायला जागा दिली. त्या उपकाराखाली तो चौदा वर्षं मान खाली घालून वावरत होता, आणि थोरलाही ती मान वर येऊ नये याची काळजी घेत होता.

धाकटी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, जाड झालेल्या माणसांचे कपडे त्यांच्या मापाला आणणं आणि त्याबद्दल त्यांना काही न बोलणं. अकरा वर्षं. खोलीला खिडकी नव्हती. ट्यूबलाइटखाली काळ्या कापडात काळा दोरा घालून घालून संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. इथली भाषा तिला येत होती ती कामापुरती: बाही, चेन, दोन सेंटिमीटर, गुरुवारी मिळेल, नाही हो, याहून सैल होणार नाही.

घर शोधलं तिनेच. एका गिऱ्हाइकाचे पडदे पोचवायला गेली होती, तेव्हा कुंपणाला हाताने लिहिलेली पाटी दिसली. घरमालक म्हातारा होता, जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं बसवलेला. बायको वारली होती आणि तो आता मुलीकडे राहायला निघाला होता. मागच्या अंगाला त्याने स्वतःच्या हाताने एक खोली बांधली होती. एका बाजूला सगळी काच, थेट ऊन नाही, दिवसभर एकसारखा उजेड. धाकटी त्या खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, तिने पर्समधून सुई आणि काळा दोरा काढला आणि पहिल्या झटक्यात ओवला. म्हातारा खो-खो हसला. त्यानंतर ती तिथे आणखी दोनदा गेली, एकदा तर मापाची टेप घेऊन.

पण नुसत्या उजेडासाठी हुरळून जाणारी बाई ती नव्हती. तिला घर हवं होतं ते कागदावर. तिच्या सख्ख्या बहिणीने बावीस वर्षं एका घरात संसार केला; नवरा गेला आणि महिना व्हायच्या आत दिराने कुलूप बदललं. बहीण कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन पायरीवर उभी, आणि दीर खिडकीतून विचारतोय, "तुझं नाव कुठाय यात?" ही गोष्ट धाकटीने नवऱ्याला एकदा नाही, शंभरदा सांगितली होती. "आपण घर घेऊ तेव्हा माझं नाव पाहिजे. तुमच्या मागे का होईना, पण पाहिजे." आणि दर वेळी तो म्हणाला होता, "अगं, असणारच की." साक्षीदाराची सही ही नावाशिवायची वेगळी, असंच ती धरून चालली होती.

आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून, टेबलाच्या मोडक्या पायाखाली वीट घालून शिक्के मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथला नोटरी म्हणजे वेगळंच प्रकरण. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने आपापसात कितीही हात मिळवले तरी नोटरीच्या टेबलावर सह्या झाल्याशिवाय घर एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. आणि सह्यांच्या आधी त्याने खरेदीखत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचं. सही करणाऱ्या प्रत्येकाला ते समजलं पाहिजे. ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी शपथेवरचा दुभाषी. घरचा माणूस चालत नाही.

या शेवटच्या नियमावर थोरला भयंकर चिडला होता. "एकवीस वर्षं मी यांची भाषा बोलतोय, आणि मी चालत नाही?" त्यावर नोटरीने त्याला पत्र पाठवलं होतं. पत्रात काय होतं ते थोरल्याने धाकटीला सांगितलं नाही. "सरकारी खाक्या, दुसरं काय," एवढंच म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला सगळे नोटरीच्या ऑफिसात जमले. लंबगोल टेबल, पाण्याचा जग, पालथे घातलेले ग्लास, भिंतीलगत कापडी पाठीची जाडजूड रजिस्टरं. काचेच्या पार्टिशनपलीकडे एक टायपिस्ट मुलगी. थोरला टाय लावून नोटरीच्या शेजारची खुर्ची पटकावून बसला. समोर घरमालक म्हातारा, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. धाकटा आणि धाकटी शेजारी शेजारी. आणि टेबलाच्या टोकाला दुभाषीबाई, सत्तरीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचं मराठी चाळीस वर्षांपूर्वीचं होतं, पण एका शब्दाला गंज चढलेला नव्हता.

बाई उभ्या राहिल्या, उजवा हात वर करून काहीतरी म्हणाल्या, मग मराठीकडे वळल्या. "मी शपथ घेतली आहे की या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं, काही न गाळता आणि पदरचं काही न घालता, दोन्ही बाजूंना सांगेन. समजलं ना?"

धाकटीने मान डोलावली. थोरला फोनवर काहीतरी बघत होता. शपथ संपायचा अवकाश, तो भावाच्या कानाशी लागला. "या पोपटपंचीचे ही बाई तासाला किती घेते माहितीये? मी फुकटात केलं असतं."

दुभाषीबाईंनी चष्मा नीट केला आणि नोटरीला ते वाक्य जसंच्या तसं त्यांच्या भाषेत सांगितलं. पोपटासकट, कारण म्हातारा दचकून इकडेतिकडे बघायला लागला.

नोटरी मान वर न करता काही बोलला. बाईंनी ते इकडे सांगितलं. "ते म्हणतात, दर पत्रात कळवला होता."

एवढ्यावर शहाण्या माणसाने कानाला खडा लावला असता. पण सवय फार वाईट. आपली माणसं परक्या देशात बसमध्ये, दुकानात, डॉक्टरच्या समोर बसूनसुद्धा मराठीत मनाला येईल ते बोलतात. समोरच्याच्या नाकाबद्दल त्याच्या तोंडावर बोलतात. आपली भाषा म्हणजे जणू चार भिंती आणि आतून कडी. एकवीस वर्षांत थोरल्याच्या त्या भिंतींना कधी खिडकी पडली नव्हती. तो हसला आणि म्हणाला, "बाई कामाला लागली वाटतं," आणि बाईंनी तेही सांगितलं.

वाचन सुरू झालं. आधी विकणारा, मग घर, मग घेणारे, असा क्रम होता. नोटरी एक वाक्य वाचायचा, बाई मराठीत सांगायच्या. पूर्वेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. सांडपाण्याचा नळ उत्तरेकडून. मागची खोली, बांधकाम परवानगीसह, काचेची बाजू अमुक मीटर. धाकटी कान टवकारून ऐकत होती. तिने घेतलेलं माप आणि कागदावरचं माप तंतोतंत जुळलं तेव्हा तिला हसू आलं.

"खरेदीदार क्रमांक एक," बाई म्हणाल्या, आणि थोरल्याचं नाव घेतलं.

धाकटीला वाटलं, चुकून झालं असेल.

"खरेदीदार क्रमांक दोन," आणि तिच्या नवऱ्याचं नाव. "दोघांचा हिस्सा निम्मा निम्मा." धाकटी क्रमांक तीनची वाट बघत राहिली. तीन आला नाही. त्याऐवजी पान उलटलं आणि बाई त्याच एकसुरी आवाजात सांगू लागल्या, "खरेदीदार क्रमांक दोन यांची पत्नी, व्यवसाय काही नाही, या खताला हजर राहून असं लिहून देते की, खरेदीच्या रकमेचा काही भाग पतिपत्नीच्या जोडखात्यातून आलेला असला, तरी सदर घरावर तिचा कोणताही हक्क नाही, आणि पुढेही ती तो सांगणार नाही."

"थांबा," धाकटी म्हणाली.

बाईंनी त्याचंही भाषांतर केलं. नोटरी थांबला. या देशात तिच्या एका शब्दावर कोणी थांबल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

माणसाचं मन विचित्र असतं. घर हातचं जात होतं, आणि तिला आधी झोंबलं ते भलतंच. "व्यवसाय काही नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"अगं, ते नुसतं लिहायचं असतं," थोरला म्हणाला. "रकाना रिकामा कसा ठेवणार?"

बाईंनी सांगितलं. नोटरीच्या भुवया वर गेल्या. "ही माहिती या गृहस्थांनी दिलेली आहे. ती खोटी आहे का?"

"अकरा वर्षं शिवणकाम करते मी," धाकटी म्हणाली. "भाऊजी, तुमच्या अंगावर हा कोट आहे ना, त्याचं अस्तर कोणी बदललं? कोपर फाटलं होतं ते कोणी रफू केलं?"

हेही तिकडे गेलं. नोटरी, म्हातारा आणि काचेपलीकडची मुलगी, तिघंही थोरल्याच्या कोपराकडे बघायला लागले. त्याने हात टेबलाखाली घेतला.

"आणि ही साक्षीदाराची सही आहे का? ही तर माझा हक्क सोडायची सही आहे. क्रमांक एक तुम्ही, क्रमांक दोन हे. माझा क्रमांक कुठाय?"

"हे बघ, घरी बोलू. चारचौघांत तमाशा नको."

'तमाशा'ला बाई क्षणभर अडल्या, मग त्यांना शब्द सापडला. नोटरीने शांतपणे टोपण पेनावर बसवलं. "व्हायचा असेल तर सहीच्या आधीच झालेला बरा," तो म्हणाला. "नंतरचा फार महाग पडतो."

मग थोरला पुढे झुकला आणि त्याने आवाज खाली आणला, समजूत घालायचा त्याचा खास आवाज. "तुला यातलं कळत नाही, म्हणून सांगतो. परक्याच्या देशात असं कोणाच्याही नावावर घर होत नाही. तुम्हा दोघांची कागदपत्रं अजून कच्ची. पक्क्या रहिवाशाचं नाव लागतंच, म्हणून मी माझं घातलं. नाहीतर मला काय हौस आहे? तुमच्यासाठीच मरतोय ना मी?"

बाईंनी शब्द न् शब्द सांगितला. मरण्यासकट.

नोटरीने चष्मा काढला. "असा कायदा नाही. एके काळी होता, तो जाऊन अठरा वर्षं झाली. हे मी या गृहस्थांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. पत्रातही लिहिलं आहे." त्याने फायलीतून पत्राची प्रत काढून टेबलावर सरकवली. "यांचं नाव यांच्या इच्छेने आहे. बँकेचं कर्ज मात्र पती आणि पत्नी, अशा दोघांच्याच नावावर आहे."

म्हणजे कर्ज फेडायला धाकटी होती, घर घ्यायला नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला तिने चौदा वर्षं वाकून नमस्कार केला होता. त्याच्या मुलीच्या शाळेच्या गणवेशापासून त्याच्या पडद्यांपर्यंत फुकट शिवून दिलं होतं, आणि तो शर्टाच्या बटणासारखं तिचं नाव तोडून खिशात घालून बसला होता. तेसुद्धा तोंडावर, टाय लावून, पुढच्या खुर्चीत.

"लाज नाही वाटली, भाऊजी?" ती म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल. मी नसतो तर आज कुठे असता तुम्ही?"

इतका वेळ गप्प बसलेल्या म्हाताऱ्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. नोटरीने त्याला बोलायला सांगितलं. "मला आपलं एक विचारायचं होतं," तो म्हणाला आणि बाईंनी सांगितलं. "मी घर या बाईंना विकतोय असंच मला वाटत होतं. त्या तीनदा आल्या. भिंती मोजल्या. गटाराचं झाकण उघडून आत बघितलं, असं माझ्या पोरीनेही कधी बघितलं नाही. हे साहेब एकदा आले, पण गाडीतून काही उतरले नाहीत."

"याला काय करायचंय मध्ये तोंड घालून?" थोरला भावाकडे वळून पुटपुटला. "पैसे घे आणि नीघ म्हणावं."

म्हाताऱ्याने भाषांतर पूर्ण ऐकून घेतलं. "सही होईपर्यंत घर माझं आहे," तो म्हणाला. "कोणाला विकायचं ते अजून तरी मीच ठरवतो."

धाकटीला वाटलं, आता हे बोलतील. आता नाही तर कधी? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पालथ्या ग्लासाकडे बघत होता. मग तो किंचित कलंडला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, कर ना सही आता. सगळे बघतायत. घरी गेल्यावर मी सांगतो तुला सगळं."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या दुभाषीबाईंचे कान तरुण होते. त्या सांगायला लागल्या, पण धाकटीने वाट पाहिली नाही.

"सगळं म्हणजे काय? तुम्हाला माहीत होतं?"

नोटरीने बाईंकडे प्रश्नार्थक पाहिलं. बाई म्हणाल्या, आधी त्यांच्या भाषेत, मग नियमाप्रमाणे मराठीत, "पत्नीने प्रश्न विचारला आहे. पतीचं उत्तर अजून आलेलं नाही."

खोलीतली पाच माणसं एका माणसाच्या उत्तरासाठी थांबली. घरी असता तर तो उठून गाडी पुसायला गेला असता.

"होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ते पत्र आलं तेव्हापासून. दोन महिने झाले."

दोन महिने. म्हणजे साठ संध्याकाळी हा माणूस तिच्यासमोर बसून जेवला. मागच्या खोलीला कोणता रंग लावायचा यावर तिच्याशी वाद घातला. त्या खोलीत कापड कापायला टेबल हवं म्हणून दर रविवारी डेपोच्या शेडमध्ये लाकूड रंधून आणत होता, आणि तिला विचारत होता, उंची एवढी पुरेल ना, कंबर दुखणार नाही ना. सगळं माहीत असताना. थोरल्याचं तिला दुःख नव्हतं. थोरला हा थोरलाच, त्याच्याकडून आणखी काय व्हायचं. पण बहिणीची गोष्ट शंभरदा ऐकून शंभरदा "असणारच की" म्हणणारा हा माणूस तोंडात मूग गिळून बसला होता. तिला संतापाने रडू येत होतं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप येत होता.

"ऐकलंस?" थोरल्याला जोर चढला. "त्याची संमती आहे. नवऱ्याचं ठरलंय, माझं ठरलंय, मग तू कोण?"

बाईंनी सांगितलं. नोटरीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फक्त धाकटीकडे बघत बोलला. "तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. या निवेदनावर सही करायची. किंवा करायची नाही, मग आज विक्री होणार नाही. किंवा तुम्ही स्वतः खरेदीदार म्हणून उभं राहायचं, आणि खत बदलायचं. तो तुमचा हक्क आहे. घाई नाही, विचार करा."

"विचार झाला," धाकटी म्हणाली. "माझं नाव घाला. व्यवसाय शिवणकाम, तेही घाला. हिस्सा अर्धा. आणि उरलेला अर्धा कोणाचा, ते यांना विचारा. मी सांगणार नाही. यांच्या तोंडून येऊ दे."

नोटरीने धाकट्याला विचारलं. धाकट्याने मान हलवली, अशी की त्यातून हो, नाही, बघू, काहीही निघावं.

"मान हलवलेली चालत नाही," नोटरी म्हणाला. "तोंडी सांगावं लागतं."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा याचीच वाट बघत होता. "सांग ना. मी कोण लागतो तुझा? सांग, आणि आईला फोन करून हेही सांग की दादाला बाहेर काढलं. त्या म्हातारीच्या जिवाचं बरंवाईट झालं तर मला विचारू नकोस."

हे वाक्य थोरल्याचं ब्रह्मास्त्र होतं. घरात ते आजवर कधी वाया गेलं नव्हतं. पण आज ते दुभाषीबाईंच्या तोंडून, कसलाही गहिवर न घालता, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तशा आवाजात टेबलावर आलं. धाकट्याला इथली भाषा बऱ्यापैकी कळत होती. आपल्या भावाचं हे बोलणं परक्या माणसाच्या तोंडून त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नोटरीने ते नीट ऐकून घेतलं, एक टिपण केलं आणि विचारलं, "आईंचा या घराशी काही कायदेशीर संबंध आहे का?"

"नाही," धाकटा म्हणाला. बोलून तो स्वतःच थोडा गडबडला. मग घसा खाकरून म्हणाला, "अर्धं तिचं. उरलेलं अर्धं माझं. दादाचं काही नाही."

थोरला ताडकन उठला. खुर्ची मागे पडता पडता वाचली. "आजपासून माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!" तो दारापर्यंत पोचला, आणि बाई त्याच्या पाठीला उद्देशून त्या वाक्याचं भाषांतर करत होत्या, तेवढ्यात नोटरीने त्याला हाक मारली. खरेदीतून नाव मागे घेतो, अशी सही लागत होती. थोरला परत आला. रागाने निघालेल्या माणसाला पुन्हा त्याच खुर्चीत बसून, पेन उसनं मागून, दोन प्रतींवर सही करावी लागली की रागाची पार रया जाते. दुसऱ्यांदा तो गेला तेव्हा त्याने दारही आपटलं नाही.

खत बदलायला टायपिस्ट मुलीला पंचवीस मिनिटं लागली. म्हाताऱ्याने खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून सगळ्यांना दिल्या. धाकटीने घेतली. धाकट्याने घेतली आणि हातातच धरून ठेवली. कोणी कोणाशी बोललं नाही, त्यामुळे दुभाषीबाईंना तेवढा आराम मिळाला.

कायदा असा की खत बदललं की वाचन पुन्हा पहिल्या शब्दापासून. नोटरीने घोटभर पाणी पिऊन सुरुवात केली. विकणारा, मग भिंत, मग नळ, मग मागची खोली. आणि मग बाई म्हणाल्या, "खरेदीदार क्रमांक एक," आणि धाकटीचं पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट. "व्यवसाय, शिवणकाम. हिस्सा, अर्धा."

ते ऐकताना तिला वाटलं होतं की खूप आनंद होईल. झालाही. पण त्याच्या आत दोन महिने सलत होते, आणि ते काही केल्या हलत नव्हते. आपल्याच घरात आपलं नाव घालायला आपल्याला भर सभेत भांडावं लागलं, आणि ज्याने भांडायचं तो शेजारी बसून ग्लासाकडे बघत होता.

"खरेदीदार क्रमांक दोन," बाई पुढे म्हणाल्या.

धाकटा तिच्याकडे कलला. ओठ हललेले कळणार नाहीत इतक्या हळू म्हणाला, "चुकलं माझं."

दुभाषीबाईंनी मान वर केली. सकाळपासून त्यांनी पोपट सांगितला होता, तमाशा सांगितला होता, म्हातारीचं बरंवाईट सांगितलं होतं. इथे मात्र त्या थबकल्या. धाकटीकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "हे राहू दे का?"

"का? शपथ घेतलीत ना?" धाकटी म्हणाली. "सांगा."

त्यांनी सांगितलं. नोटरीने ऐकलं, म्हाताऱ्याने ऐकलं, काचेपलीकडच्या मुलीचं टायपिंग थांबलं. धाकटा कानापर्यंत लाल झाला. नोटरीने वाचत होता त्या ओळीवर बोट ठेवलं आणि अदबीने विचारलं, पत्नीला यावर काही म्हणायचं आहे का.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश, कापड निरखावं तसं पाहिलं.

"आत्ता काही नाही," ती म्हणाली. "पुढे वाचा म्हणावं."